रुमालाखालची नोकरी

मु. मळा, पलूसच्या अलीकडे
कार्तिक महिना, १९७४

तीर्थरूप नाथाजीमामा,

भाच्याचं डोकं तुमच्या पायांवर आहे असं समजा. (पटक्यासकट समजा. पलटणीत केस फार विरळ झाले.) मामींचा गुडघा, तुमचा खोकला आणि गाभण खिलार गाय या तिघांची खुशाली सवडीनं कळवावी. इकडं आम्ही सगळे मजेत आहोत. ऊस गळ्याबरोबर आलाय आणि तुमचा भाचा हवालदार आकाराम पंधरा वर्षांची फौज संपवून जो मोकळा झाला होता, तो आता मोकळा राहिलेला नाही. कसा राहिला नाही ते सविस्तर लिहितो. तुम्ही म्हसवडच्या बाजारातले नावाजलेले हेडी, तुमच्या हातून हजार बैलांचे सौदे झाले. या सौद्याची खरी चव तुम्हालाच कळेल.

तर झालं असं, की आपल्या भागात जो नवा साखर कारखाना उभा राहिलाय, त्याला फाटकावर जमादार हवा होता. उसाच्या गाड्या नंबरानं आत सोडायच्या, नंबर मोडणाऱ्याला आवरायचं आणि मोळीतला ऊस उपसणाऱ्या पोरांना हाकलायचं, असं काम. आमचे लष्करातले दोस्त भाऊसो मुंबईला एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे असतात, त्यांचंही बोलावणं होतं. मुंबईत पगार जास्त. पण मामा, खरं सांगतो, मला घर सोडायचं नव्हतं. आमची राही सहा वर्षांची झाली. वर्षातून एकदा सुट्टीवर येणारा बाप तिला काय कळणार? पेन्शनीवर आलो त्याला महिना झाला, तेव्हा ही पोर माझ्यादेखत आईला विचारते, "आये, हे पाव्हणं कवा जाणार?" पासष्ट आणि एकाहत्तर, दोन्ही लढायांत मला काही लागलं नाही. हे लागलं.

तेव्हा कारखान्याची नोकरी घ्यायची हे मी मनात ठरवलंच होतं. पण आपल्याला बैल आवडलाय हे समोरच्याला कळू द्यायचं नाही, ही तुमची शिकवण. आधी जनावर चालवून बघावं, दात बघावेत, मालक का विकतोय ते शेजाऱ्याला विचारावं. मी तसंच केलं. कारखान्याला बाहेरून दोन वेढे घातले. चिमणीकडं एक डोळा झाकून बघितलं. मग फाटकासमोर चहाची गाडी लावणाऱ्या बाळासोला विचारलं, की आधीचा जमादार का गेला? तो म्हणाला, गाडीवान लय भांडत्यात, ऐन हंगामात त्येचा पटका दोनदा उसात गेला. म्हणजे जनावराला खोड होती, पण मारकं नव्हतं. मी एक बिडी ओढून आत गेलो.

आत मॅनेजर विष्णुपंत. सांगलीचे, गोरेपान, सज्जन माणूस, बोलण्यात प्रत्येक वाक्याला 'बरं का' लावणारा. त्यांनी माझी कागदपत्रं बघितली, छातीकडं बघितलं, मिशीकडं बघितलं, आणि तिथंच मी ताडलं, की गिऱ्हाईक घायाळ आहे. मग मी सहज म्हटलं, की मुंबईच्या बँकेचंही पत्र आलंय. (दुसरं गिऱ्हाईक बाजारात उभं असलं की पहिलं लवकर बोलतं. हीही तुमचीच शिकवण.) विष्णुपंत म्हणाले, "मग तुमची अपेक्षा काय, बरं का, हवालदार?"

आता तुम्हीच सांगा. खोलीत दोन कारकून, एक शिपाई, खिडकीशी एक शेतकरी उसाची नोंद घेऊन उभा. अशा चारचौघांत कुणी शहाणा माणूस तोंडानं आकडा सांगतो का? मी पुढं झालो, बैलबाजारात करतो तसा खांद्यावरचा रुमाल झटकला, साहेबांच्या हातावर टाकला आणि रुमालाखाली त्यांची चार बोटं धरून दाबली. चारशे! विष्णुपंत एकदम पांढरे पडले. त्यांना वाटलं असावं, की लढाईनं माणसाच्या डोक्यावर परिणाम झालाय. शिपाई पाण्याचा तांब्या घेऊन धावला. पण मी हात सोडला नाही. सौदा अर्धा टाकून हात सोडणं हा अपशकुन. आणि मामा, पुढं काय झालं ऐका. साहेबांनी रुमालाखाली पाचही बोटं हलवली! मी चार मागतोय आणि हा माणूस पाच देतोय. असा दिलदार व्यापारी तुम्हीही उभ्या जन्मात पाहिला नसेल. ते "बरं बरं, बरं का, पत्र पाठवतो" म्हणाले, मी हातावर हात मारला, रुमाल खांद्यावर टाकला आणि रामराम करून निघालो. आजही मला वाटतं, की सौदा तिथंच पक्का झाला होता.

पण शहरी माणसाच्या बोटाचा भरवसा नाही. चार दिवसांनी पत्र आलं, त्यात दोनशे दहा! मी तिथल्या तिथं उलट टपाली कळवलं, की बोटांनी दिलेला शब्द पत्रानं फिरवणं आमच्याकडं चालत नाही, नोकरी नामंजूर. पुढचे आठ दिवस मी अगदी निश्चिंत होतो. (रोज अकरा वाजता सडकेला जाऊन उभा राहत होतो ते पाय मोकळे करायला. पोस्टमनची वेळही तीच, हा योगायोग.) अंबूबाई एकदा म्हणाली, "आवं, नुसतं जाऊन बोलून तरी या." मी म्हटलं, सौद्यात जो आधी हलतो तो हरतो. ती राहीची वेणी घालायला बसली. बायकांना यातलं काय कळतं?

आणि नवव्या दिवशी कारखाना हलला! दुसरं पत्र आलं. दोनशे चाळीस, एक सायकल, म्हसवडच्या रथाच्या जत्रेला तीन दिवस सुट्टी, आणि कायमची दिवसपाळी, म्हणजे रोज दिवेलागणीला घरी. मामा, दिवसपाळी मी मागितलीसुद्धा नव्हती! एवढा धसका त्या चार बोटांचा. पाचशे झाले नाहीत हे खरं, पण मोठ्या मनानं मी ते सोडून दिलं. सोमवारपासून फाटकावर उभा आहे. अजून पटका डोक्यावरच आहे.

तुम्ही शिकवलंत म्हणून हा दिवस दिसला. मामींच्या आणि तुमच्या पायांवर पुन्हा एकदा डोकं.

तुमचा भाचा,
आकाराम

ता. क. : एक बारीकसं काम आहे. खरं म्हणजे त्यासाठीच पत्र लिहायला बसलो. गावात मी पाचशेचा बोभाटा आधीच करून बसलोय. अंबूबाईलाही खरा आकडा सांगितलेला नाही, रुमालाखालचा भाव आहे म्हटलं. ती राहीला घेऊन रथाला येईल तेव्हा तुम्हाला खोदून विचारणार. तर तुम्ही हेडीच्या इमानानं सांगावं, की रुमालाखालचा आकडा बायकोला सांगितला तर जनावर दगावतं.

पुन्हा ता. क. : नाथाजीमामांना अंबूचा नमस्कार. पाकीट भात लावून चिकटवायला माझ्याकडं दिलं, म्हणून खालच्या कोऱ्या जागेत चार ओळी लिहिते. हे पेन्शनच्या कागदाला सांगलीला गेलेले, त्या दिवशी मी राहीला घेऊन कारखान्यात गेले. साहेब लांबनंच हात मागं घ्यायला लागले. मी म्हटलं, घाबरू नगासा, रुमाल न्हाई आणला, तोंडानंच बोलू. तीस वाढवून घेतले. सायकल मागितली, सुट्टी मागितली. दिवसपाळीला साहेब कबूल होईनात. तेव्हा राहीनं विचारलं, "मग आमचं पाव्हणं रात्रीचं बी येणार न्हाईत?" साहेबांनी चष्मा पुसला आणि सही केली. यांना सांगू नका. रथाला आले की मी तुम्हाला आकडा विचारीन, तुम्ही इमानानं सांगू नका, म्हणजे यांचा जीव भांड्यात पडंल. हे लिहायला विसरले ते मी लिहिते. काल सायकलची घंटी वाजली तशी राही "आप्पा आलं" म्हणून पळत गेली. तेव्हापासून हे धूर न्हाई काही न्हाई, सारखं डोळं धुत्यात.