आजी सायाळीचा आवाज

हर्सूल, औरंगाबाद
४ एप्रिल २०१६

चि. मनस्विनीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

ऑपरेशन ठीक झालं. गळ्यातली गाठ निघाली, तपासणीत तिच्यात वाईट काही सापडलं नाही, टाकेही सुकताहेत. पण सध्या बोलायचं नाही असा डॉक्टरांचा हुकूम आहे. तुझ्या काकांकरवी निरोप द्यावा, तर मी खुणेनं मीठ मागितलं आणि ते शेजारून लसूण घेऊन आले. मोबाइलच्या तेवढ्याशा चौकोनात माझी बोटं मावत नाहीत. म्हणून हे पत्र.

इथं पाण्याची फार तकलीफ आहे. हर्सूलच्या तलावात चिखल उरलाय आणि त्याच्या पलीकडं नव्या इमारती मात्र वाढताहेत. टँकरचा भोंगा वाजला की अख्खी सोसायटी घागरी घेऊन खाली.

‘सायाळीचं बिऱ्हाड’ या तुमच्या कार्टूनपटाच्या दुसऱ्या भागाचं सगळं संगीत तुझ्याकडं आलं, हे वाचून ऊर भरून आला. पहिल्या भागात मी आजी सायाळ झाले ती गंमतच. नुसती चाल कळावी म्हणून तू माझ्याकडून गाऊन घेतलंस आणि तुमच्या दिग्दर्शकानं तेच कायम केलं. या खेपेला मात्र दुसरी कुणी बघ. डॉक्टरांनी ‘आ’ म्हणायला लावलं तेव्हा गळ्यातून नुसती हवा आली. मला वाईट वाटणार नाही. फिकीर करू नकोस.

जेवत जा वेळेवर. माया आहेच.
तुझी,
शैलाआत्या

पुणे
११ एप्रिल २०१६

ती. सौ. आत्यास,
मनस्विनीचा शि. सा. नमस्कार.

वाईट वाटणार नाही असं तू लिहिलंस, तिथं शाई फुटली आहे. पेन इतकं दाबायची तुला सवय नाही.

तुझ्यापासून काही लपवायचं नाही, म्हणून सांगते. सोनिया नावाच्या मुलीकडून दोन गाणी गाऊन घेतली. तुमच्या औरंगाबादेतल्याच बजाजनगरची आहे, वडील तिथल्या कंपनीत होते. आवाज उंच आणि स्वच्छ. बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघतात ते गाणं तिनं इतकं गोड गायलं, की मला तुझी आठवण यायची राहिली. रागावू नकोस.

पण शेवटचं गाणं अडलंय. ओढा आटलाय, घरदार सोडून सगळे निघालेत आणि नातू वाटेत चुकलाय. आजीला आता नीट दिसत नाही. ती गाऊनच त्याला हाक मारते: ‘इकडं ये रे काट्याच्या पोरा, इथं सावली, इथं पाणी.’ सोनियानं गायलं तर ती आजीची नातच वाटते. आमचे दिग्दर्शक हिमांशू म्हणाले की मेअखेर थांबू, पण त्यानंतर थांबता यायचं नाही. माझा तुझ्यावर आग्रह नाही. पण गाणं कुणाला दिलेलंही नाही.

काकांना नमस्कार. असाच जीव लावत राहा.
तुझी,
मनू

हर्सूल
१८ एप्रिल २०१६

चि. मनस्विनीस अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी आत्याला न सांगता लिहितोय. डॉक्टरांनी बोलायची परवानगी केव्हाच दिली. ती बोलत नाही. हवं ते पाटीवर लिहिते आणि पाटी माझ्यापुढं धरते. डॉक्टर म्हणाले की गाठ आवाजाच्या नसेला चिकटलेली होती, नस शाबूत आहे असं वाटतं, पण बोलल्याशिवाय कळणार कसं? तेच तिला कळून घ्यायचं नाही. मी रागावलो. मग पाटीवर लिहिलं तिनं, की गप्प आहे तोवर आवाज आहे असं मानता तरी येतं.

इतक्या वर्षांत या घरात पहाटे तानपुरा लागला नाही असं फक्त सुतकात झालं. तू तिला भरीस घालू नकोस, पण पत्रं थांबवूही नकोस. ती तुझं पत्र उशीखाली ठेवते.

तुझा लोभ हाच आधार.
व्यंकटराव

हर्सूल
२९ एप्रिल २०१६

चि. मनूस,
आत्याचे भरभरून आशीर्वाद.

काल काय झालं ते ऐक. टँकर उशिरा आला. उन्हात रांग, बायकांची कुरबुर, आणि पोरं सावलीला बसून पहिल्या भागातलं आपलं आजीचं गाणं म्हणत होती. मुखडा बरा होता. अंतरा मात्र पार वेडावाकडा! जिथं खाली उतरायचं तिथं ही वर चढत होती. एकदा सोडलं, दोनदा सोडलं. तिसऱ्या खेपेला माझ्यानं राहवलं नाही. घागर खाली ठेवली आणि ती ओळ बरोबर म्हणून दाखवली.

म्हणून झाल्यावर कळलं की मी गायले. घागरीत तोंड घालून गावं तसा जाड, खरखरीत आवाज, पण सुरात! खालच्या मजल्यावरच्या सारजाबाई म्हणाल्या की आवाज लई बसलाय व्हय, पण गाणं नाय बसलं. काका रांग सोडून माझ्याकडं बघत राहिले आणि आमची पाळी गेली.

आज डॉक्टरांनी दुर्बिणीतून तपासलं. आवाजाचे दोन्ही पडदे हलताहेत. वरचे सूर कदाचित परत यायचे नाहीत, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. घरी येऊन मी खूप रडले, आणि आवाज काढून रडले, त्याचंच बरं वाटलं. तुझं गाणं खालच्या पट्टीत बसेल का? नसेल बसत तर सोनियाला दे. आता खरंच सांगते, राग नाही.

तुझ्या उत्तराकडं डोळे.
शैलाआत्या

पुणे
३० मे २०१६

ती. सौ. आत्यास,
मनूचा शि. सा. नमस्कार.

सुखरूप पोचलात ना? परवा रेकॉर्डिंग आटोपल्यावर तुम्हाला बसमध्ये बसवून मी स्टुडिओत परतले, तर सोनिया तुझं गाणं पुन्हा पुन्हा लावून ऐकत होती. पट्टी इतकी खाली आणली तेव्हा मला भीती होती, की मुलांना आजी ओळखू येणार नाही. हिमांशूंनी आपल्या लहान मुलीला बोलावून ऐकवलं. ती म्हणाली की आजी म्हातारी झाली, पण आहे तीच. गाणं पक्कं झालं. उंच जागांची गाणी सोनियाकडं, शेवटचं तुझं.

आत्या, महिनाभर माझ्या छातीवर धोंडा होता. परवा उतरला. काल दुपारपर्यंत झोपले.

कृपा अशीच राहू दे.
मनू

हर्सूल
६ जून २०१६

चि. मनस्विनीस अनेक आशीर्वाद.

उत्तर आत्याच लिहिणार होती, पण तिला वेळ नाही. सकाळी तानपुरा, दुपारी सोसायटीच्या पोरांना अंतरा शिकवणं, संध्याकाळी सारजाबाईंशी गप्पा. पाऊस अजून नाही, टँकर चालूच आहे.

आज पहाटे दुधात पाणी जास्त म्हणून तिनं दूधवाल्या कडुबाला धारेवर धरलं. या दुष्काळात एवढं पाणी मिळतं कुठं, असं विचारलं त्याला. जिन्यात खालपर्यंत आवाज जात होता. एरवी मी मध्ये पडून मिटवतो. आज पडलो नाही. चहा हातात घेऊन दाराशी उभा राहिलो आणि भांडण संपेस्तोवर ऐकत राहिलो.

सवड काढून ये. वाट पाहतो.
व्यंकटराव