शिपिंगचे एकतीस डॉलर

ईडन प्रेरी, मिनेसोटा
मंगळवार, ९ ऑक्टोबर २००७

प्रिय हिमानी,

काल मी आयुष्यात पहिल्यांदा इंटरनेटवरून काहीतरी मागवलं. यीस्टचं एक पाकीट. वजन अकरा ग्रॅम, किंमत दोन डॉलर पंचवीस सेंट, आणि ते घरी पोचवण्याचे तेवीस डॉलर ऐंशी सेंट! दुकान विस्कॉन्सिनचं, ते इथून काय लांब आहे गं? शेजारचं राज्य. पुण्याच्या सिटी पोस्टात मी तेहतीस वर्षं पार्सल विभागात काढली, अकरा ग्रॅम मला तळहातावर कळतात. तेवढं वजन मी पाच रुपयांच्या तिकिटात कन्याकुमारीला पोचवलं असतं, वर डिंक फुकट. दुकानात फोन करून जाब विचारला, तर तिथली मुलगी म्हणाली, "मॅम, दॅट्स टू-डे एअर," म्हणजे विमानाने, दोन दिवसांत. मी म्हटलं, बाई, एवढ्या पैशांत त्या यीस्टला खिडकीजवळची जागा तरी द्या. ती हसली. पैसे कमी केले नाहीत.

आता तू म्हणशील, आई पुन्हा शिपिंगवर आली. आलेच आहे. पण हे पत्र तेवढ्यावर बंद करू नकोस. जूनपासून तू माझ्याशी बोललेली नाहीस. रविवारी तुझा फोन येतो, अनीश बोलतो, मग फोन बाबांकडे जातो, बाबांकडून पुन्हा अनीशकडे. माझ्या समोरून जातो. मी भाजी निवडत बसते. आणि हे मराठीत लिहितेय हे लक्षात घे. मला चिडायचं असलं की मी कॉन्व्हेंटच्या सिस्टर अगाथांच्या इंग्रजीत चिडते, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. त्या शाळेत आम्हाला रागवायचं कसं ते उत्तम शिकवलं. बाकीचं शिकवायचं राहून गेलं.

इथली हकिकत नेहमीचीच. अनीश आणि सूनबाई वल्लरी साडेसातला कामावर निघतात. मग घरात आम्ही दोघं. बाबांची सकाळ अजून चांगली असते, साधारण दहा ते बारा. मार्चमध्ये डॉक्टरांनी त्यांच्या विसरण्याला नाव दिलं, तेव्हा होती त्यापेक्षा ती आता अर्ध्या तासाने लहान झाली आहे. मी घड्याळ लावून बघितलंय. बारानंतर ते पिंपरीची कंपनीची बस विचारतात. पहिल्यांदा मी सांगायचे की आपण अमेरिकेत आहोत, तुम्ही रिटायर होऊन अकरा वर्षं झाली. आता सांगते, बस गेली, आजचा दिवस रजा टाका. ते टाकतात. वल्लरी मला म्हणते, "आई, यू शुड लेट इट आउट." काय आउट करू? आत काही हलतच नाही. डॉक्टर बोलत होते तेव्हा त्यांच्या टेबलावरचा कॅलेंडरचा कागद फेब्रुवारीचाच राहिला होता, तो फाडावा की नाही एवढंच माझ्या डोक्यात चाललं होतं.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात ते महिनाभर तुझ्याकडे, त्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात येऊन राहिले. परत आले तेव्हा विमानतळापासून घरापर्यंत एकच विषय. हिमानीच्या अपार्टमेंटमध्ये आम्ही बिअर केली. हिमानीने तापमान अमुक ठेवलं, मी म्हटलं तमुक ठेव. औषध कारखान्यात अठ्ठावीस वर्षं फर्मेंटेशनच्या टाक्या सांभाळलेला माणूस, त्याला पोरीने सिंकखाली पाच गॅलनची टाकी दिली, आणि तो पुन्हा शिफ्ट इन्चार्ज झाला. मी तेव्हा काय बोलले तेही सांगते. म्हटलं, बापाने मुलीला दारू गाळायला शिकवायची, फारच छान. ते म्हणाले, "गाळत नाहीत मालिनी, आंबवतात. इडली खातेस ना?" त्या आठवड्यात मी इडलीचं पीठ भिजवलंच नाही.

मग ऑक्टोबरात तुझा फोन आला. बाबांच्या वाढदिवसाला तू पूर्ण किट मागवत होतीस. काचेची मोठी बाटली, माल्टच्या पाकाचे दोन डबे, हॉप्सची ती कडू फुलं, नळ्या, यीस्ट. सामान एकसष्ट डॉलरचं आणि शिपिंग एकतीस डॉलर चाळीस सेंट. तो आकडा तू सहज वाचून दाखवलास आणि मी भडकले. निम्म्याहून जास्त! काच जड असते, हे मला नको सांगूस, मी लोणच्याच्या बरण्या दार्जिलिंगला पाठवल्या आहेत. मी म्हटलं, कॅन्सल कर. तुमच्याकडच्या दुकानातून घे आणि तुझ्या युनिव्हर्सिटीतल्या प्रसादबरोबर पाठव. तो नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत गाडीने इकडे येणारच आहे ना मित्राकडे?

आपल्याकडे हे असंच चालतं, तूही त्यातच वाढलीस. कोणी येणार आहे का, कोणाच्या बॅगेत जागा आहे का. तुझा चष्मा कोणाच्या तरी मावशीबरोबर आला, अनीशच्या लग्नातल्या अक्षता दोन अनोळखी माणसांच्या हातून शिकागोमार्गे आल्या. तेहतीस वर्षं मी लोकांकडून टपालाचे पैसे घेतले आणि घरचं एक पार्सल कधी पैसे देऊन पाठवलं नाही. त्याचा मला अभिमान होता. तू म्हणालीस, "आई, पैशांचा प्रश्न नाहीये. मला ते लवकर पोचायला हवंय." मी म्हटलं, बिअर आहे ती, गंगाजल नाही. आणि तू कॅन्सल केलंस. आईने सांगितलं म्हणून केलंस. तेवढं एक ऐकलं नसतंस तर.

प्रसाद थँक्सगिव्हिंगला आला नाही. त्याच्या गाइडने त्याला थांबवून घेतलं. मग ख्रिसमस म्हणाला, मग स्प्रिंग ब्रेक. मी प्रत्येक वेळी म्हटलं, येईल की, काही सडत नाही. शेवटी जूनमध्ये त्याला इथे नोकरी लागली आणि तो तुझं खोकं घेऊन दारात उभा राहिला. गुणी मुलगा. "काकू, मागच्या सीटवर बेल्ट लावून आणलंय." दोन दिवस उन्हातून आलेली गाडी. मी त्याला थालीपीठ वाढलं आणि मनात म्हटलं, वाचले की नाही एकतीस डॉलर.

त्या दिवशी काय झालं ते मी तुला फोनवर नीट सांगितलं नव्हतं. बाबांनी खोकं उघडून सगळं घरामागच्या लाकडी डेकवरच्या टेबलावर ओळीने मांडलं. हॉप्सचं पाकीट फोडून वास घेतला. बाटली उन्हात धरून तडा आहे का पाहिलं. हात अगदी बरोबर चालत होते. मग मला म्हणाले, "छान सामान आहे. कोणाचं आहे हे?" मी सांगितलं, हिमानीने पाठवलंय, तुमच्यासाठी. ते म्हणाले, "ती कधी येणार? तिच्याशिवाय सुरू करायला नको." दुसऱ्या दिवशी त्यांनी कोमट पाण्यात साखर घालून चिमूटभर यीस्ट टाकलं आणि ग्लाससमोर खुर्ची ओढून बसले. जिवंत असेल तर वर फेस येतो. एक तास बसले. फेस आला नाही. "मेलंय," म्हणाले, कारखान्यात म्हणत असतील तसं, आणि ग्लास विसळून ठेवला. तिसऱ्या दिवशी पुन्हा चिमूटभर यीस्ट, पुन्हा खुर्ची, पुन्हा तास. पाच दिवस, यीस्ट संपेपर्यंत. दर वेळी त्यांना ते पहिल्यांदाच कळत होतं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. एकदाही बाहेर जाऊन ग्लास उचलला नाही.

त्या रविवारी मी तुला फोन केला तो भांडायलाच. मेलेलं यीस्ट कशाला पाठवलंस म्हणून. इंग्रजीत. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस की तुझ्याकडे असताना बाबांनी एकाच सकाळी तुला चार वेळा विचारलं होतं, तू काय शिकतेस. तेव्हाच तुझ्या लक्षात आलं होतं. म्हणून तू घाई करत होतीस, मला घाबरवायचं नव्हतं म्हणून कारण सांगत नव्हतीस. मग म्हणालीस, "तू एकतीस डॉलर वाचवलेस, आई," आणि फोन ठेवलास. त्यात चढा आवाजही नव्हता. मी पोळ्या करायला गेले. पोळ्या झाल्या.

चार महिने मी मनातल्या मनात तुला उत्तर देत होते. मला काय माहीत, मला सांगायचं होतंस, मी काय डॉक्टर आहे. सगळी उत्तरं बरोबर आहेत. पण परवा बाबांच्या कपाटात मोजे शोधताना त्यांची वही सापडली. त्यात मागच्या नोव्हेंबरपासून त्यांनी किटची वाट पाहत कृती लिहून ठेवली आहे. तापमानं, तास, कोणी काय करायचं. 'हॉप्स हिमानी घालेल.' 'उतू जाईल, हिमानीने लक्ष ठेवावे.' जानेवारीत पुन्हा तीच कृती पहिल्यापासून, फेब्रुवारीत पुन्हा. दर वेळी अक्षर थोडं मोठं. त्यांनाही ठाऊक होतं, म्हणून लिहून ठेवत होते. घरात ज्याला त्याला ठाऊक होतं, आणि पार्सल अडवून बसलेली मी एकटी निवांत. सिटी पोस्टात काउंटरवर येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिला प्रश्न विचारायचे, आत नाशवंत काही आहे का. असलं तर ते पोतं सगळ्यांच्या आधी निघायचं, त्यात मी कधी कोणाची गय केली नाही. तुला मी तो प्रश्न विचारला नाही.

माफी मागायची मला सवय नाही, तेव्हा जे केलंय ते सांगते. यीस्ट गुरुवारी पोचेल, मी ते फ्रिजमध्ये ठेवीन. हे पत्रही एक्स्प्रेसने पाठवतेय, सोळा डॉलर, तेही गुरुवारीच तुला मिळेल. सोबत विमानाच्या तिकिटाचा चेक आहे, माझ्या पेन्शनमधला. आकड्याबद्दल मी एक शब्द बोलणार नाही, हे माझ्यासाठी किती अवघड आहे ते तू जाणतेस. काचेची बाटली मी धुऊन उपडी ठेवली आहे. शनिवारी सकाळी दहाला बाबांना त्यांची वही हातात देणार आहे. या शनिवारी नाही जमलं तर पुढच्या, पण त्याच्या पुढच्या नको. बाटल्या भरायला दोन आठवड्यांनी परत यावं लागतं असं वहीत लिहिलंय, तेव्हाही ये. तू दारात आलीस की ते तुला नावाने हाक मारतील का, हे मी लिहून देऊ शकत नाही. काल मारली असती. त्यांच्यासाठी काही पाठवावंसं वाटेल, कोणी इकडे येणार असेल, कोणाच्या गाडीत जागा असेल. या वेळी कोणाबरोबर काही पाठवू नकोस. तू ये.

तुझीच, फोनपासून दोन हातांवर बसलेली,
आई