पिंजऱ्यातल्या शेळीचं पाणी

११ एप्रिल, शुक्रवार. कवठे येमाई.
बारावीचे पेपर तपासून संपले. दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये पुस्तक होणं शक्य नाही. गाड्यांचे भोंगे, नवऱ्याच्या, इंद्रजीतच्या, शिफ्ट, दारावर भाजीवाले. म्हणून महिनाभर सासरच्या मळ्यावर. बरोबर दोन रीम कागद आणि चार रंगांची पेनं. कॉलेजात वीस वर्षं समाजशास्त्र शिकवलं, आता लिहायलाच हवं. नाव ठरलंय : 'माणूस : एक शोध'. चार भाग. विज्ञान, साहित्य, इतिहास, नीती. रोज पाच पानं.
आज लिहिलं : नाव.

१२ एप्रिल, शनिवार.
ओढ्याकाठच्या आमच्या उसात बिबट्या आहे म्हणे. नवनाथभाऊजींनी सकाळी बांधावर ठसे पाहिले. घरात सगळ्यांचे चेहरे उतरलेले. मी शांत. भीती ही मेंदूतली फार जुनी सवय आहे, हे कळलं की ती निम्मी होते. चहाच्या वेळी सगळ्यांना समजावलं. आप्पा, म्हणजे सासरे, ऐकता ऐकता झोपले.
अंजना, धाकटी जाऊ, गवत कापायला निघाली तर गळ्यात खिळे ठोकलेला पट्टा. म्हणाली, "वाकल्यावर त्यो मानंवरच येतो, ताई. तुमालाबी आणलाय एक." हसू आलं. एकविसाव्या शतकात बाई माणसाने गळ्यात पट्टा घालायचा! इतिहासाच्या भागात घेणार.
मी घातला नाही. मापाला बसतो का, एवढंच पाहिलं.

१३ एप्रिल, रविवार.
पट्टा घालून लिहिता येतं. मान ताठ राहते, पाठीला बरं.
लिहिलं : प्रस्तावनेचं पहिलं वाक्य. 'माणूस मुळात चांगला आहे.' यापुढे काय लिहावं ते सुचेना. पण पाया भक्कम.

१४ एप्रिल, सोमवार.
वस्तीवर जयंती. मला बोलायला बोलावलं होतं. दहा मिनिटं ठरली होती, विषयाच्या ओघात जास्त झाली. समता माणसाच्या पेशीपेशीत कशी आहे, हे सांगितलं. स्पीकरवाला सारखा घड्याळ दाखवत होता.
पुतळाबाई पुढच्याच रांगेत. आमच्या शेतावर वर्षानुवर्षं खुरपायला येतात. एकट्याच राहतात, एक शेळी आणि तिचं करडू, एवढाच संसार. भाषण झाल्यावर त्यांनी मला पाणी आणलं. आमच्या घरातलं दुसरं कुणी त्या घरचं पाणी घेत नाही. मला तसलं काही नाही. मी केव्हाही पिईन. नेमकी आज तहान नव्हती.

१६ एप्रिल, बुधवार.
रात्री बिबट्याने बाळासोंचा कुत्रा नेला. बाळासो म्हणजे माजी सरपंच, आमचे शेजारी. मंदिरात मीटिंग. वनखात्याचा पिंजरा आला आहे, उसाच्या कडेला लावायचा. त्याला दोन कप्पे असतात : एकात बिबट्या यायचा, दुसऱ्यात त्याला बोलावणारी शेळी. मध्ये गज आणि जाळी. त्यामुळे शेळीला धोका नाही. फार सुंदर व्यवस्था. नीतीच्या भागात उदाहरण म्हणून.
प्रश्न शेळीचा. बाळासोंकडे सहा आहेत, पण दोन गाभण आणि "बाकीच्या लई चंचल". आप्पा म्हणाले आमच्या शेळ्यांना एकटीची सवय नाही. प्रत्येकाचं म्हणणं आपापल्या जागी खरं होतं. मग बाळासोच म्हणाले, "पुतळाबाईची चांदी घ्या. करडू तोडलं की ती रातभर वरडती. वरडली की त्यो येतोच." याला म्हणतात निरीक्षण. विज्ञान फक्त प्रयोगशाळेत नसतं.
पुतळाबाई मीटिंगला नव्हत्या. कुणी बोलावलं नसावं. त्यांना समजवायचं काम माझ्याकडे आलं. "मॅडम, तुमचा शब्द ती मोडायची न्हाई," बाळासो म्हणाले. विश्वास हीच समाजाची शिवण असते. (हे वाक्य चांगलं झालं.)

१७ एप्रिल, गुरुवार.
गेले. पुतळाबाई अंगण झाडत होत्या. चांदी खरंच देखणी. काळी, कपाळावर पांढरा टिकला. करडू तिच्या पोटाखाली घुसलेलं.
मी दोन कप्पे समजावले. जमिनीवर काडीने चित्र काढून दाखवलं. पुतळाबाई चित्राकडे न बघता शेळीकडे बघत होत्या. म्हणाल्या, "सांजच्याला बांधू, सकाळी म्या सोडून आणीन. चालंल?" मी म्हणाले, बिबट्या दिवसाही फिरतो, रोजची ने-आण म्हणजे तुमच्याच जिवाला धोका. त्यापेक्षा चांदी तिथेच राहू दे, चारापाणी आम्ही पाळीपाळीने करू. माझा शब्द. त्यांनी केरसुणी भिंतीला टेकवली. मग म्हणाल्या, "तिला पानी लई लागतं, मॅडम. पाजती हाय ना."
मी हो म्हणाले. दावं त्यांनी स्वतःच्या हाताने सोडून माझ्या हातात दिलं. करडू ओरडत मागून यायला लागलं. पुतळाबाईंनी त्याला उचलून आत नेलं.
आजच्या अनुभवावर दहा पानं सहज होतील.

१८ एप्रिल, शुक्रवार.
पाळ्या मीच लावल्या. सात वार, सात घरं. रविवार आमच्या घराचा, म्हणजे माझा. आठवड्याची सुरुवात मीच केली तर बाकीचे पाळतील. व्हॉट्सअॅपवर ग्रुप केला. भाऊजींनी 'बिबट्या सावधान' सुचवलं, मी 'आपण सारे' ठेवलं. नावातच संदेश हवा. पुतळाबाईंकडे साधा फोन आहे, त्यामुळे त्या ग्रुपमध्ये नाहीत.
माझ्या खोलीची खिडकी उसाकडे उघडते. चांदीचा आवाज येतो. लेखनाला चांगला. माणूस निसर्गात असल्यासारखं वाटतं.

२० एप्रिल, रविवार.
माझी पहिली पाळी. भाऊजींनी ट्रॅक्टर नेला, मी ट्रॉलीत उभी. पट्टा घातला होता, तो अंजनाच्या समाधानासाठी. भाऊजींनी बादली भरली, चारा टाकला. मी खाली उतरून फोटो काढला. चांदीने गजांतून तोंड बाहेर काढून माझा हात चाटला. फार गलबलून आलं. फोटो ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं : 'जबाबदारी म्हणजे प्रेमाचं दुसरं नाव.' भराभर अंगठे आले.

२३ एप्रिल, बुधवार.
ऊन भाजून काढतंय. बिबट्या फिरकलेला नाही. मी मात्र पुढे गेले आहे. नीतीच्या भागासाठी एक महत्त्वाचा मुद्दा सापडला : रस्त्यात एखादा पडला आणि बघणारा एकच असेल तर तो धावतो. बघणारे पुष्कळ असले तर प्रत्येकाला वाटतं दुसरा धावेल. शास्त्रज्ञांनी प्रयोग करून सिद्ध केलंय. मला इतका पटला की अंजनाला सांगितला. ती भाकऱ्या थापत म्हणाली, "त्यात काय, ताई. पाहुणे आले की चहाचं पातेलं असंच जळतं." हिला अमूर्त विचार जमत नाही.
चांदीचा आवाज आता बसका येतोय. टेबल खिडकीपासून हलवलं.

२५ एप्रिल, शुक्रवार.
दौंडहून मैत्रिणीचा, तेजश्रीचा, फोन. तिच्या महिला मंडळात रविवारी माझं व्याख्यान ठेवलंय. विषय मीच दिला : 'करुणेचं विज्ञान'. पुस्तक बाहेर यायच्या आधी वाचक तयार व्हायला हवा. शनिवारी निघते, मंगळवारी परत.
रविवारच्या पाळीचं लक्षात आहे. अंजनाला सांगायचं.
खिडकी बंद करून लिहिलं. अर्धं पान.

२६ एप्रिल, शनिवार. दौंड.
शिरूरपर्यंत एसटीत उभी, पुढची गाडी मिळाली. अंजनाला सांगायचं निघताना राहिलं. ती गवताला गेली होती. तिला फोन केला असता, पण ती कामात असते. म्हणून ग्रुपवर टाकलं : 'उद्या मी नाही. चांदीचं कुणीतरी बघाल ना?' उतरायच्या आत भराभर अंगठे. बाळासोंनी तर दोन्ही हात जोडलेले पाठवले. माणूस मुळात चांगला आहे, हे वाक्य मी उगीच लिहिलं नाही.
घरात कूलर. किती दिवसांनी झोप.

२७ एप्रिल, रविवार.
व्याख्यान उत्तम झालं. दुसऱ्याचं दुःख पाहिलं की आपल्या मेंदूत तोच भाग कसा पेटतो, हे सांगितलं. उदाहरण चांदीचं दिलं : तिने हात चाटला तो प्रसंग. दोन बायका रडल्या. हॉलमध्ये इतकं उकडत होतं की बोलता बोलता मला पाण्याच्या दोन बाटल्या लागल्या. तेजश्री म्हणाली, "राजश्री, पुस्तक आधी मला दे हं."
इंद्रजीतने विचारलं, पुस्तक कुठवर आलंय. मी म्हणाले, पायाचं काम चाललंय.

२८ एप्रिल, सोमवार.
सकाळी भाऊजींचा फोन. चांदी गेली.
बिबट्याने नाही. तो आलाच नव्हता. बादली कोरडी, आडवी पडलेली. पिंजऱ्याचं वरचं पत्र्याचं छप्पर हात लावू देत नव्हतं. शनिवारी संध्याकाळी बाळासोंची पाळी होती. त्यांनी विचार केला, उद्या मॅडमच्या घराची आहे, ते भरपूर भरतात, आणि गेलेच नाहीत. रविवारी कुणीच गेलं नाही. प्रत्येकाला वाटलं, इतक्या जणांनी अंगठा दिलाय, कुणीतरी गेलंच असेल.
मी भाऊजींना म्हणाले, हे किती अचूक आहे पाहा, मी मागच्याच आठवड्यात यावर लिहिलं.  फोन कट झाला. रेंजचा प्रॉब्लेम.
चूक कुणा एकाची नव्हती. हेच तर शास्त्र सांगतं.

३० एप्रिल, बुधवार. कवठे येमाई.
काल आले. आज पुतळाबाई आल्या. मी ओट्यावर येईपर्यंत त्या बाहेर उन्हातच उभ्या. आत या म्हटलं तर नको म्हणाल्या. मला वाटलं रडतील, ओरडतील. मी त्यासाठी तयार होते, पाण्याचा तांब्याही हाताशी ठेवला होता. त्या म्हणाल्या, "दावं तेवढं द्या."
दावं पिंजऱ्यातच होतं. अंजना एकटीच जाऊन घेऊन आली, पट्टा न घालता. त्यांच्या हातात देताना अंजना रडली. पुतळाबाईंनीच तिच्या पाठीवरून हात फिरवला.
मी त्यांना सांगितलं की पुस्तक चांदीला अर्पण करणार आहे. पहिल्याच पानावर नाव येईल. त्यांनी दावं गुंडाळता गुंडाळता माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तिचं नाव छापून काय करायचं, मॅडम?" उत्तर देणार होते, तोवर त्या निघाल्या होत्या.
संध्याकाळपासून अंजना माझ्याशी बोलत नाही. उन्हाने चिडचिड होते माणसाची.

२ मे, शुक्रवार.
बिबट्या पुन्हा दिसला, आता बाळासोंच्या गोठ्याजवळ. मीटिंग. पिंजरा रिकामा ठेवून उपयोग नाही. शेळी हवी. बाळासोंच्या अजून गाभण आहेत. आमच्यांना अजून सवय नाही.
कुणीतरी म्हणालं, पुतळाबाईचं करडू आहे. आईविना ते दिवसभर ओरडतंच. सगळे माझ्याकडे बघायला लागले. अंजना बायकांत मागे बसली होती. ती उठून निघून गेली. मी म्हणाले, बघते.
हे अवघड आहे, पण कुणीतरी करायला हवं, आणि समजावणं मला जमतं. या वेळी पाळ्या नीट लावायच्या. बादलीऐवजी ड्रम. ग्रुपचं नाव बदलायचं. रविवार मी घेणार नाही, दौंडला कधी जावं लागेल सांगता येत नाही.

४ मे, रविवार.
दुपारी गेले. ट्रॅक्टर कुणी दिला नाही, चालत. बोलायचं काय ते वाटेत जुळवलं होतं. समूहाचं हित, एकाचं दुःख, इतिहासातली दोन उदाहरणं.
पुतळाबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. दावं खुंटीला टांगलेलं. अंगणात लेंड्या झाडून काढलेल्या, करडू कुठे दिसेना. मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "करडू पाटसला लेकीकडं धाडलं, मॅडम. कालच."
एवढंच. मी उभी. 
त्यांनी वर पाहिलं. "उन्हातनं आलाय. व्हट सुकलंय तुमचं. पानी देऊ?"
तांब्या भरून आणला. मी उभ्यानेच प्यायले, सगळा. मग आणखी मागितलं.