तो शब्द घरात नको

॥ श्री ॥
सांगली, १८ एप्रिल २०२५

ती. पद्मामावशीस,
मयूरीचा शि. सा. न. वि. वि.

शौनकदादाकडं साताऱ्यात रुळलीस ना? तू मोबाइलवरचं काही वाचत नाहीस, म्हणून हा कागदाचा खटाटोप. तुझं सांगलीचं घर आम्हाला छान मानवलंय. तुझ्या जावयानं, सौमित्रनं, स्वयंपाकघरात नवा ओटा घालून घेतला.

आता मुद्द्याचं. तीन वर्षं भाड्यानं राहायचं आणि मग आत्ता ठरलेल्या किमतीला घर विकत घ्यायचं, असं आपलं ठरलंय. तोवर घराचा विमा तुझ्या नावावर, सामानाचा आमच्या. पण एजंट शंभूराज म्हणतो, घराच्या पॉलिसीत तुझ्या जोडीला माझंही नाव हवं. उद्या काही पडलंझडलं तर आमचाही हक्क राहील. सौमित्रला हे विचारायची लाज वाटते. मला वाटत नाही, म्हणून विचारते.

आणि मावशी, तुझ्या पॉलिसीत आग आहे, वीज आहे, भूकंपही आहे, पूरच नाही! कृष्णाकाठच्या घराला! शंभूराज शपथेवर सांगतो की मावशीच नको म्हणाल्या. हे काय प्रकरण?

लोभ आहेच, उत्तर आलं की दुप्पट होईल.
तुझी,
मयूरी

---

सातारा, २६ एप्रिल २०२५

चि. सौ. मयूरीस,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर अजून कोंबडीच्या पायांसारखंच आहे.

मी नको म्हणाले, हे खरं. शंभूराज ऐन दिवेलागणीला आला, देवापुढं बसला आणि मोठ्यानं विचारायला लागला, की ‘ते’ आलं तर काय. घरात असलं बोलू नये गं, वास्तू तथास्तु म्हणत असते. एकोणीस सालानंतरसुद्धा आपण ‘पाणी आलं होतं’ एवढंच म्हणतो. मी त्याला म्हटलं, ते नाव इथं नको. त्या शहाण्यानं नावाबरोबर विमाच काढून टाकला! आणि तू तर त्याच घरात बसून तो शब्द खुशाल लिहिलास.

तुझ्या नावाचं म्हणशील, तर इतकी घाई कशाला? घर अजून माझं आहे. तीन वर्षं होऊ देत, मग बघू. जावयांसाठी कंदी पेढे पाठवतेय, तू मध्येच फस्त करू नकोस.

माया आहे तशीच आहे.
मावशी

---

सांगली, ५ मे २०२५

ती. मावशीस,
शि. सा. न.

पेढे पोचले आणि संपले. हे पत्र मी नदीच्या घाटावर बसून लिहितेय, घराच्या कानावर जायला नको म्हणून. पूर, पूर, पूर. झालं एकदाचं लिहून.

‘घर अजून माझं आहे’ हे वाचून सौमित्रनं पत्राची घडी घातली. विषय सोड म्हणाला. पण मी सोडत नाही. पावसाळ्यात पाणी चढून भिंत खचली, तर तुला भरपाई नाही आणि आम्हाला हक्क नाही. मग आपण घेणार-देणार काय? त्याहून मोठी पंचाईत अशी, की विकत घेण्याआधीच मला ते घर माझं वाटायला लागलंय. दुसरं कुठलंही घर मला नको. रागाव हवं तर, पण पाऊस लागायच्या आत एवढं कर.

राग उतरला की लोभ कर.
मयूरी

---

सातारा, १९ मे २०२५

चि. सौ. मयूरीस,
अनेक आशीर्वाद.

रागावले होते, खोटं कशाला बोलू? मग शेजारच्या अंजनाला घेऊन विमा कंपनीच्या ऑफिसात गेले. तो शब्द तिथं असा खणखणीत उच्चारला की चहावाला वळून बघायला लागला. पुराचा विमा आता झाला.

मग तुझ्या नावाची गोष्ट काढली. टेबलावरच्या मुलीनं विचारलं, ह्या मयूरी तुमच्या भाडेकरू ना. हो म्हणताना माझी जीभ अडली. लग्न होऊन मी त्या घरात आले, तुझे काका तिथंच गेले. तुम्हाला भाडेकरू म्हणत राहिलं, की घर हातचं गेलं असं वाटायचं नाही, म्हणून मी अडून बसले होते. त्या मुलीला म्हटलं, भाडेकरू कसली, पुढची मालकीण आहे ती. तिनं तिच्या भाषेत काय ते लिहिलं आणि तुझं नाव पॉलिसीत चढलं. घरी येऊन थोडी रडले. मग बरं वाटलं.

जूनमध्ये येतेय. त्या घरात पाहुणी म्हणून मी कधी आले नाही. मी उंबऱ्याबाहेर थांबेन. ‘ये, बस’ तू म्हणायचंस.

तुझीच,
पद्मामावशी