साडेतीनची देखभाल

५ जानेवारी, सोमवार

पुन्हा दोघांचे ठिपके लाल! साडेतीनला ज्ञानदाचा झाला, पाठोपाठ शंभूराजचा. सव्वाचार होऊन गेले तरी लालच. हिरवा म्हणजे माणूस मोकळा, लाल म्हणजे फोनवर — हे अख्ख्या कंपनीला मीच शिकवलं, दिवाळीत नवीन सॉफ्टवेअर बसवलं तेव्हा. फोन, निरोप, मीटिंग, सगळं त्यातच. आणि त्याचा ॲडमिन मी. सांगली, आटपाडी, सातारा, सगळ्या ऑफिसांतले ठिपके माझ्या स्क्रीनवर एकाखाली एक दिसतात. ते बघणं माझं कामच आहे.

काम म्हणून बघत होतो आणि जीव जळत होता. इथे खोटं कशाला लिहू?

ती साताऱ्याहून स्ट्रॉबेरी पाठवते, हा सांगलीत बसून विकतो. किती पेट्या निघाल्या एवढंच सांगायचं असतं. त्याला पाऊण तास लागतो?

६ जानेवारी, मंगळवार

आजही.

शंभूराज माझ्या खोलीच्या पार्टिशनपलीकडेच बसतो. शब्द कळत नाहीत, हसणं मात्र सगळं इकडे येतं. स्ट्रॉबेरीत हसण्यासारखं काय असतं? अकाउंटच्या मंगलताई डोकावून म्हणाल्या, "त्वांड असं का वो केलंय? सर्व्हर पडला का काय?" सर्व्हर ठणठणीत आहे, ताई.

८ जानेवारी, गुरुवार

मला ती 'सर' म्हणते. त्याला 'अरे शंभू'. मला 'तुम्ही', त्याला 'तू'.

दिवाळीआधी साताऱ्याच्या ऑफिसात जोडणी करायला गेलो होतो. बाकीचे लांबून गंमत बघत होते, ही माझ्याबरोबर टेबलाखाली शिरली. वायर धरायची, राउटरचे दिवे वाचून दाखवायची. ओढणीला कोळिष्टकं लागली तर नुसती झटकली. सगळं सुरू झाल्यावर पहिला फोन तिने मलाच लावला, दोन टेबलं सोडून बसलो होतो तिथे. "हॅलो, ऐकू येतंय का सर?" म्हणाली, "तुम्ही समजावून सांगता, ओरडत नाही." त्या दिवसापासून मी कामातून गेलोय.

आईला काही सांगितलेलं नाही. मुलगी वाईची, आपल्या जैनांतली नाही म्हटल्यावर ती पहिलं हेच विचारणार — दिवस मावळायच्या आत जेवायला जमेल का तिला? जमेल, आई. पण आधी तिने मला तरी विचारायला हवं! तिला वेळ कुठे आहे. साडेतीन वाजले की ती लाल.

९ जानेवारी, शुक्रवार

रविवारी करायचं अपडेट आज केलं. साडेतीनला.

रीतसर सूचना टाकली — 'देखभालीसाठी सेवा काही मिनिटे बंद राहील. सहकार्याबद्दल आभार.' आणि बटण दाबलं. सगळे ठिपके राखाडी! पार्टिशनपलीकडून आवाज — "हॅलो! हॅलो! ए ज्ञानदा! गेली का गं?" काय गार वाटलं म्हणून सांगू.

आणि मग माझा मोबाइल वाजला. ज्ञानदा! "सर, लाइन गेली हो." मी म्हटलं, बघतो. सेवा लगेच सुरू झाली होती, पण मी सांगितलं नाही. वाईला थंडी किती पडली, येताना बसला गर्दी होती का, विचारत बसलो. ती हसलीसुद्धा. माझ्याशी बोलताना!

१२ जानेवारी, सोमवार

सगळी कंपनी बंद पाडायची गरजच नाही. साताऱ्याची लाइन जोडणारा भाग वेगळा आहे, तेवढाच रीस्टार्ट करता येतो. सूचनाही टाकावी लागत नाही, 'बिघाड' म्हणून खपतं. इतके दिवस हे सुचलं कसं नाही?

आज तिला सगळे दिवे वाचायला लावले. "पहिला हिरवा, दुसरा हिरवा, तिसरा लुकलुकतोय सर." तिसऱ्याने लुकलुकायचंच असतं. मी म्हटलं, हं, लक्ष ठेवा. शेवटी म्हणाली, "तुम्ही आहात म्हणून बरं, सर."

तुम्ही आहात म्हणून बरं.

१३ जानेवारी, मंगळवार

दिवसभर आटपाडी. डाळिंबाच्या केंद्रावरच्या तात्याबांनी मीटिंगमध्ये माइक चालू ठेवून सगळ्या कंपनीला घोरणं ऐकवलं. त्यांना माइक बंद करायला फोनवरून शिकवलं, तर त्यांनी कॉम्प्युटरच बंद केला. साडेतीनला साताऱ्याकडे बघायलाही फुरसत नाही. तात्याबांवर उगाच चिडलो.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. शंभूराज तिळगूळ घेऊन खोलीत आला. "सन्मती, गड्या, साताऱ्याच्या लाइनचं बघ की रं कायतरी. ऐन बोलण्यात तुटती." ऐन बोलण्यात! म्हटलं, बाहेरची लाइन आहे, माझ्या हातात नाही. पाठीवर थाप मारली त्याने. "बरं, ऱ्हाऊ दे. पुढल्या महिन्यात पेढे खायाचं हाईत, ध्यानात ठेव." डोळा मिचकावून गेला.

पेढे. म्हणजे ठरलं. पुढल्या महिन्यात. आणि हा मलाच येऊन सांगतोय, डोळा मिचकावून!

तिळगूळ ड्रॉवरमध्ये तसाच आहे. खाल्ला नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार

चालू फोन रेकॉर्ड करून ऐकायची सोय या सॉफ्टवेअरमध्ये आहे. अधिकार फक्त माझ्याकडे. आज दोघं बोलत असताना त्या बटणापर्यंत गेलो. नाही दाबलं. तेवढा पडलेलो नाही अजून.

लाइन मात्र तोडली.

१९ जानेवारी, सोमवार

वाईट झालं. महाबळेश्वरहून निघालेल्या गाडीचं थंड करायचं मशीन पाचवडजवळ बंद पडलं. ड्रायव्हर साताऱ्याच्या ऑफिसला फोन लावत होता आणि ऑफिसचा फोन लागत नव्हता. का लागत नव्हता ते मला माहीत, आज लाइन लगेच उठवली नव्हती. ज्ञानदाला कळेपर्यंत तास गेला. निम्मा माल मऊ पडला.

रामगोंडा साहेबांनी सगळ्यांना केबिनमध्ये घेतलं. ज्ञानदा स्क्रीनवर होती, साताऱ्याहून. डोळे लाल, रडली असणार. साहेब तिच्यावर ओरडले, "पोरी, फोन लागंना म्हटल्यावर मोबाइल न्हवता का?" ड्रायव्हरकडे तिचा नंबरच नव्हता. शंभूराज मध्ये पडला, "साहेब, तिची काय चूक हाय? लाइनच मरतीया रोज." तिच्या बाजूने तो बोलला. बोलायला मी हवा होतो, आणि मी खाली मान घालून वहीत रेघोट्या मारत होतो.

अहवाल मलाच लिहायचा होता. लिहिला — बाहेरची लाइन अस्थिर.

आता बस. शपथ.

२० जानेवारी, मंगळवार

हात लावला नाही. नुसता लाल ठिपक्यांकडे बघत बसलो. भूक लागली नाही.

२१ जानेवारी, बुधवार

लावला. अगदी थोडा वेळ. आधी खात्री केली की वाटेत एकही गाडी नाही. तेवढी काळजी मी घेतो.

२३ जानेवारी, शुक्रवार

मंगलताईंनी आज बातमी आणली. साताऱ्याचं काम वाढलंय, ज्ञानदा एकटी पुरी पडत नाही. इथला एक माणूस कायमचा तिकडे पाठवणार. "आमच्या कानावर आलंय. साहेबांच्या मनात कोन हाय ते मातर कळंना."

कोण म्हणजे? मीच! तिकडे रोज फोन बंद पडतात, तर फोनवाला माणूस नको का तिकडे? खोली घेऊन राहीन. शनिवारी रात्री सांगली, सोमवारी पहाटेची एसटी. आईचं काहीतरी जमवीन. ज्ञानदाच्या शेजारचं टेबल रिकामं आहे, मी स्वतः तिथे पॉइंट काढून ठेवलाय.

आता साताऱ्याची लाइन जितकी बिघडेल तितकं माझं जाणं पक्कं. इतके दिवस जळून तोडत होतो. आता विचार करून तोडायची.

२७ जानेवारी, मंगळवार

सकाळी एकदा, दुपारी दोनदा. संध्याकाळी गाड्या सुटतात, तेव्हा नाही. प्रत्येक वेळी मीच धावून लाइन उठवली. साहेबांनी स्वतः बघितलं. शाब्बास म्हणाले. शंभूराजचं तोंड उतरलं होतं. साहेबांच्या केबिनमधून बाहेर आला आणि माझ्याकडे न बघता गेला. कळलं वाटतं त्याला, कोण चाललंय साताऱ्याला!

ज्ञानदा फोनवर फार काही बोलली नाही. "झालं का सर सुरू?" एवढंच. दमली असेल.

२९ जानेवारी, गुरुवार

साहेबांनी बोलावलं. नवीन शर्ट घालून गेलो होतो आज, मुद्दाम.

"बस. सन्मती, तू हाईस म्हणून ही कंपनी बोलतीया. न्हाईतर मुकी झाली असती." मी म्हटलं, साहेब, बिघाड साताऱ्याला आहे. तिथे माणूस बसला तर कायमचा बंदोबस्त होईल. मी तयार आहे. आईचीही काही अडचण नाही.

"आरं, बिघाड तिकडं, पन दुरुस्ती तू हितनंच करतोस न्हवं? सर्व्हर हितं, तू हितं. तुला तिकडं धाडला आन् हितं कायतरी झालं, तर मी कुनाच्या तोंडाकडं बघू? न्हाई. तुला सांगलीतनं हलवायचा न्हाई."

मग म्हणाले, शंभूराजला पाठवतोय. सोमवारपासून. "फोनची कटकटच नको. दोघं शेजारी बसून समोरासमोर बोलतील. बोलनं तरी तुटनार न्हाई."

'बरं साहेब' म्हणून बाहेर आलो.

३० जानेवारी, शुक्रवार

शंभूराजचं साताऱ्याचं टेबल जोडून दिलं. इथून. तिकडून ज्ञानदा दिवे वाचत होती, हळू आवाजात, हिरवा, हिरवा, लुकलुकतोय. मी काढलेल्या पॉइंटला त्याचा फोन. साताऱ्याच्या यादीत त्याचं नाव मीच टाकलं, तिच्या नावाच्या खाली.

तो निरोप घ्यायला आला होता. वाटलं, फुशारकी मारेल. तर "लय वाईट वाटलं गड्या," म्हणाला. कशाचं, ते विचारलं नाही. जिंकणाऱ्याला असं बोलायला काय जातं!

२ फेब्रुवारी, सोमवार

साडेतीन वाजले. दोघांचे ठिपके हिरवे. चारलाही हिरवे. शेजारी बसलेल्या माणसाला कोण फोन लावतं? तोडायला काही उरलं नाही. साताऱ्याची लाइन दिवसभर एकदाही गेली नाही, साहेब सगळ्यांसमोर माझं कौतुक करत होते.

३ फेब्रुवारी, मंगळवार

ज्ञानदाचा फोन. लाइन चांगली सुरू असताना, मोबाइलवर. जिन्यात उभी राहून बोलत होती. "सर, सांगू नये, पण राहवत नाही. डिसेंबरातच मी साहेबांना म्हटलं होतं, साताऱ्याला सन्मती सरांनाच पाठवा. शंभूने तर रोज त्यांच्यामागे लकडा लावला होता. आज साहेब काय म्हणाले, उद्या काय सांगायचं, तेच बोलायचो आम्ही दुपारी. तयार झाले होते हो साहेब. पेढेसुद्धा मीच आणणार होते. आणि नेमकी तेव्हाच ही लाइन बिघडायला लागली."

मी म्हटलं, हो. फारच वाईट लाइन होती.