मार्जरी ट्रिकेटचा वाटा

३ ऑक्टोबर, सोमवार
आले बाई एकदाची ऑकम्बीला. घर लहान, पण शेगडी झकास पेटते. रविवारी नात जोसी महिन्याच्या बाळाला घेऊन कायमची राहायला येतेय, मागच्या खोलीत पलंग नि पाळणा लावून ठेवला. आमचे ट्रिकेट मूळचे इथले. त्यांची जुनी मृत्युपत्रं शोधून बाळाला कूळ दाखवायचं, एवढीच माझी हौस. शाळा फारशी नाही झाली, धोबीघरात इस्त्रीच जास्त केली. पण बोट ठेवून वाचते मी सावकाश. शेजारच्या मिसेस स्लॅकला केक दिला. आडनाव ऐकून तिने केक परत केला, डबा मात्र ठेवून घेतला.

४ ऑक्टोबर
पूर्वी मृत्युपत्रं चर्चच्या कोर्टात जायची. इथलं कोर्ट तर बिशपलाही जुमानत नसे, म्हणून कागद बाहेर कुठे गेलेच नाहीत, अजून चर्चच्याच पेटीत. किल्ली मिस्टर गॉडबरकडे, तो चर्चची देखरेख करतो. म्हणाला, ट्रिकेटबाई, तुमची माणसं मेली तेव्हा आला नाहीत, आता कशाला? मी म्हटलं, तेव्हा जन्मले नव्हते रे राजा. हसला नाही मेला. टेबल ओलं म्हणून कागद बायबलवर ठेवून दिला. सायलस ट्रिकेट, १७४१. मला इतकं भरून आलं की वाकून त्या कागदाचा मुकाच घेतला. गॉडबर पांढराफटक. म्हणाला, मृत्युपत्र पार पाडायची शपथ अशीच घ्यायचे, ते बायबलवर ठेवून ओठ लावून. सायलसच्या मुलाने ती घेतलीच नाही, आईला बर्फात हाकललं. आता तुम्ही घेतलीत. निस्तरा.

५ ऑक्टोबर
मृत्युपत्राची नक्कल घरी आणली होती, ती पुरी वाचली. सायलसने बायकोला, मार्जरीला, शपथ घेणाऱ्याच्या घरातली शेगडीजवळची खुर्ची नि मागच्या खोलीतला पलंग दिलाय, तिला हवं तोवर. शिवाय घरात जे असेल त्यातलं एक, तिच्या पसंतीचं. किती माया. मिसेस स्लॅक कुंपणावरून म्हणाली, पाहुणी आली की आमच्या दारात रडायला येऊ नका.

६ ऑक्टोबर
खुर्ची आपोआप शेगडीकडे सरकलीय. तिची गादी ओली, गार. मागच्या पलंगावर कुणी झोपून उठल्यासारखा खळगा.

७ ऑक्टोबर
भर दुपारी दिसली. खुर्चीत, पाठमोरी. टोपीवर बर्फ, शेगडीसमोरही वितळत नाही. मी म्हटलं, मार्जरीबाई, घड्याळ घ्या. मान हलली, नाही. चांदीचे चमचे — नाही. नवऱ्याची अंगठी — नाही. गॉडबरकडे धावले, शपथ मोडता येते का विचारायला. दार उघडलंच नाही. आतून म्हणाला, एक वस्तू घेईल नि जाईल, द्या की तिला.

८ ऑक्टोबर
शेगडी पेटत नाही. ती माझ्या कशाकडेच बघत नाही. आता मागच्या खोलीत — पाळण्याशी — रिकामा पाळणा हलवत बसते. जोसीला फोन केला, येऊ नकोस. म्हणाली, आजी, भाड्याची खोली सोडली मी, बाळाला घेऊन रस्त्यावर झोपू का —

९, रविवार
ती दारात उभी. हात पुढे, बाळ घ्यायला धरतात तसे.
घरात जे असेल ते — म्हणजे बाहेर आहे तोवर बाळ तिचं नाही. मीच बाहेर जाते — कडी निघत नाही — खिडकीही —
टॅक्सी आली. ओरडतेय, आवाज फुटत नाही. हे पान दाराच्या फटीतून सरकवते. जोसी, वाच. उंबरा ओलांडू नकोस, बाळाला —
जोसीकडे किल्ली आहे. कुलूप फिर