दोन्ही बाह्या डाव्या

२ मार्च

चि. नातीस आजीचे उदंड आशीर्वाद.

मी सांगतेय, तुझी आई लिहितेय. अक्षर आवडलं तर तिचं, शब्द झोंबले तर माझे.

तुझ्या त्या मेंदूच्या प्रयोगशाळेतून आल्यापासून रोज डोकं धुतेय, तरी त्या तारांच्या टोपीखाली लावलेला तो शेंबडासारखा थंडगार लगदा केसांतून जात नाही. शिसारी आली बाई. त्याहून शिसारी तुझ्या साहेबांची. आकडे उलटे म्हणायला लावतात आणि चुकले तरी शाब्बास आजी म्हणतात, जशी काही मी नुकती रांगायला लागलेय.

खरं दुखणं वेगळंच. आपल्या शिवणाच्या दुकानात बाईचं माप कधी मोठ्यानं बोलत नाहीत, लिहूनही ठेवत नाहीत. टेपवरून माझ्या डोक्यात, डोक्यातून कात्रीत. म्हणून तर बायका येतात. परवा डॉक्टरीणबाईंचा कोट कापताना कुणीतरी चहाचं विचारलं आणि मी दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. तुझा बाप म्हणतो, आता कात्री खाली ठेव. मग मी दुकानात बसून काय माश्या मारू? तुमचं यंत्र काय म्हणतं ते सरळ कळव. गोड बोललीस तर याद राख.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
आजी

९ मार्च

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

सरळच लिहिते. सोपं काम दिलं तेव्हा तुझा मेंदू माझ्यापेक्षा जास्त ठिकाणी उजळला. मी एका खोलीत दिवा लावून जे करते, त्यासाठी तू घरभर दिवे लावतेस; म्हणून ते जमतं. आकडे वाढले की लावायला आणखी दिवे उरत नाहीत आणि धरलेलं निसटतं. मधे कुणी बोललं तर तेही आत घुसतं. साहेब म्हणतात, हा आजार नाही, वय आहे. पण पूर्वीसारखं होईल असंही नाही. एकेक माप घे, तेवढाच भाग काप, आणि कापताना दार लाव. बाबांना मी समजावते.

तुझा धपाटाही लाडाचा मानणारी,
नात

२८ मार्च

चि. नातीस आशीर्वाद.

म्हणजे जन्मभर दिवेच लावले म्हणायचे.

तू सांगितलंस तसं केलं. बाहेर माप घ्यायचं, आत जाऊन दार लावून कापायचं. दाराशी पोचेपर्यंत आकडा गायब. एका बाईच्या दंडाला पुन्हा पुन्हा टेप लावली, तेव्हा तिनं कीव येऊन स्वतःच टेपवरचा आकडा वाचून सांगितला, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा. मला माझीच किळस आली. आत गेले आणि कात्री तुझ्या आईच्या मांडीवर ठेवली. तुझ्या बापाला मागायची संधीच दिली नाही.

आता माप मी घेते, आकडा हिच्या कानात सांगते, कापते ही. त्यासाठी हिच्या केसांच्या त्या उग्र तेलाचा वास नाकात भरून घ्यावा लागतो, काय सांगू.

काल कुणी चहाचं विचारलंही नव्हतं, तरी हिनं ब्लाउजचा गळा वाकडा कापला. हे लिहायला तयार नव्हती, लिही म्हटलं. पोरी, किती दिवसांनी मला पोटभर जेवण गेलं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
आजी